दुसरा डाव

मैत्रिणींनो, “आता या वयात कुठं शिकत बसू?” असं म्हणत असाल, तर अ‍ॅलन पेजची हकीगत ऐकाच.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत मारून पळतात. पळणाऱ्याला वाटेतच आडवं करायचं, हे बचावफळीतल्या पेजचं काम. १९६७ पासून तो मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात होता. १९७१ मध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावातल्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला होता.

असा हा पहिलवान गडी, पण कायद्याच्या वर्गातून पहिल्यांदा तीन आठवड्यांतच पळाला! पुढे तिशीच्या उंबरठ्यावर त्यानं पुन्हा नाव घातलं, खेळ सांभाळून अभ्यास केला आणि १९७८ मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी संघानं त्याला काढून टाकलं. शिकागोच्या संघातून तो १९८१ पर्यंत खेळला, मग वकिलीत रमला. १९९३ ते २०१५ तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता.

अंगातली ताकद आज ना उद्या ओसरतेच. शिकलेलं मात्र आपल्यापाशी राहतं. एकदा सोडलेलं पुस्तक पुन्हा उघडायला लाज कसली? मग कधी भरताय फॉर्म?