आधी किलोमीटर मोजा, मग इंजिन निवडा!

घरात गाडी घ्यायचा विषय निघाला की रंग कोणता, सनरूफ हवं का, स्क्रीन केवढी, हे सगळं तुम्हाला विचारलं जातं. ‘पेट्रोल की डिझेल?’ हा प्रश्न मात्र बाबा आणि काका परस्पर निकालात काढतात. ‘डिझेलच घे, परवडतं,’ एवढं एक वाक्य, की विषय संपला! मंडळी, हा विषय इतक्यात संपू देऊ नका. त्या एका वाक्यात लाख-सव्वा लाखाचा फरक दडलेला असतो. म्हणजे आपल्यातल्या अनेकांची वर्षाची फी.

बाबांचं म्हणणं हवेतलं नाही बरं का. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेलं होतं आणि डिझेल 41 रुपयांच्या आत होतं. लिटरमागे तब्बल 32 रुपयांचा फरक! पेट्रोलचे दर 2010 मध्येच सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलला मात्र सरकार सांभाळून घेत होतं. तेव्हा डिझेल गाडी घेणाऱ्यांचा हिशेब बरोबरच होता. पुढे ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झालं. गेल्या काही वर्षांत मुंबईत हा फरक 12 ते 14 रुपयांच्या आसपास राहिलाय. दर बदलले, घरातलं वाक्य तेच राहिलं.

आता जरा वही काढा. समजा, पेट्रोल 104 रुपये आणि गाडी लिटरला 16 किलोमीटर देते. किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल 90 रुपये आणि गाडी 20 किलोमीटर देते. साडेचार रुपये. म्हणजे किलोमीटरमागे 2 रुपये वाचले. डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग असेल, तर ते पैसे वसूल व्हायला साडेबासष्ट हजार किलोमीटर पळावं लागेल. महिन्याला 2,000 किलोमीटर फिरणाऱ्याचे अडीच-पावणेतीन वर्षांत फिटतात. पण आई-बाबांचं ऑफिस, बाजार आणि सणाला गाव एवढंच असेल, महिन्याला जेमतेम 600, तर साडेआठ वर्षं! वर कर्जाचं व्याज वेगळंच.

दुसरी गोष्ट शोरूममध्ये क्वचितच कुणी स्वतःहून सांगतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले. त्यामुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी आतच जळून जायला धूर चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळायला हवी. रोज घर ते स्टेशन दोन किलोमीटर आणि तेही सिग्नलला थांबत थांबत, असं असेल तर फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि गॅरेजच्या चकरा सुरू होतात.

मग डिझेल घ्यायचंच नाही? तसं मुळीच नाही. सात माणसं आणि डिकीभर सामान घेऊन दर आठवड्याला आंबा घाट चढायचा असेल, तर कमी आरपीएमला मिळणारी डिझेलची ताकद खरंच कामाची. रोजचा लांबचा प्रवास असेल तर प्रश्नच नाही, डिझेल घ्या. पण वर्षातून दोनदा कोकणात जायचंय म्हणून उरलेले साडेतीनशे दिवस त्याचे पैसे का मोजायचे?

रिव्ह्यू आपण खूप बघतो. त्यातल्या माणसाला तुमच्या घराचं महिन्याचं फिरणं माहीत नसतं, तुम्हाला असतं. या महिन्यात घरातलं कोण कुठे गेलं, किती किलोमीटर झाले, ते रोज लिहून ठेवा. शोरूममध्ये जाण्याआधी बाबांसमोर तो कागद ठेवा. वाद घालू नका, फक्त बेरीज त्यांनाच करायला सांगा. उत्तर डिझेल आलं तर डिझेल, पेट्रोल आलं तर पेट्रोल. सव्वा लाख रुपये घरातले आहेत, ते सवयीने नको, हिशेबाने जाऊ देत.