नांदायला या – कोर्टामार्फत!

मैत्रिणींनो, आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की भाजीच्या आधी बातम्यांचा वास दरवळतो. परवा मात्र आमच्यातली एक जण डबा न उघडताच बसून होती. चार महिने ती माहेरी आहे, एवढंच आम्हांला ठाऊक. फारच खोदून विचारलं तेव्हा तिनं पर्समधून एक पत्र काढून माझ्या हाती दिलं. नवऱ्याच्या वकिलाची नोटीस! 'पंधरा दिवसांत नांदावयास यावे, अन्यथा...' त्या 'अन्यथा'नं बिचारीची झोप उडवली होती.

"पोलीस येऊन मला घेऊन जातील का हो, ताई?"

बी.ए.ला माझा विषय मराठी. 'अन्यथा'चा शब्दकोशातला अर्थ मी सांगू शकते, कोर्टातला नाही! म्हणून संध्याकाळी तिला घेऊन आमच्या गल्लीतल्या वकीलवहिनींकडे गेले. नवरा-बायकोचे खटले चालवण्यात त्यांची उमर गेली. त्या मेथी निवडत होत्या. आमच्यापुढेही एकेक जुडी टाकून म्हणाल्या, "हात चालू असले की रडू कमी येतं. हं, सांग आता."

सगळं ऐकून घेतल्यावर वहिनी म्हणाल्या, "हे बघ, नोटीस म्हणजे वकिलाचं पत्र. रुसलेल्या व्याह्यांचा टाइप केलेला निरोपच म्हण ना! त्याला घाबरायचं नाही, पण चुलीतही घालायचं नाही. वकिलाकडून रीतसर उत्तर द्यायचं. कोर्टाचं समन्स आलं, तर मात्र तारखेला हजर राहायचं. घरी बसलीस तर निकाल एकतर्फी होईल."

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नववं कलम आहे. जोडीदार वाजवी कारणाशिवाय सोडून गेला, तर 'नांदायला पाठवा' असा दावा त्याखाली लावता येतो. नवऱ्याला लावता येतो, तसा बायकोलाही. (इतर धर्मीयांचे कायदे वेगळे, बरं का.) कारण वाजवी होतं, हे सोडून जाणाऱ्यानं दाखवायचं.

"मारहाण, छळ, ही कारणं झाली," वहिनी म्हणाल्या. "सासूबाई आमटीत गूळ फार घालतात, हे नव्हे! असाही मजकूर मी दाव्यात वाचलाय हो."

आम्ही दोघी हसलो. चार महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली असावी.

"पण निकाल माझ्याविरुद्ध गेला तर?"

"तरी तुला हाताला धरून कुणी नेणार नाही. हुकूम मोडला म्हणून मालमत्तेवर जप्ती आणता येते, तुरुंग नाही. आणि गंमत ऐक. निकालानंतर वर्षभर दोघं एकत्र राहिले नाहीत, तर तेवढ्यावर दोघांपैकी कुणालाही घटस्फोट मागता येतो. म्हणजे नांदायला बोलावणारा कागद पुष्कळदा सोडचिठ्ठीचं पहिलं पान असतो! ज्याला खरंच न्यायचं असतं, तो टपालानं बोलावत नाही. दारात येऊन उभा राहतो."

तुरुंगाचं नाव निघालं, तशी मला रखमाबाईंची आठवण झाली. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालेलं. मोठेपणी त्यांनी सासरी जायला नकार दिला, तेव्हा १८८४ साली नवऱ्यानं मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण अपिलात तो फिरला. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल! शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि सुरतेला किती बायकांची बाळंतपणं सुखरूप केली! तुरुंग गेला, कलम मात्र राहिलं. १९८३ साली आंध्र प्रदेशच्या हायकोर्टानं ते घटनाबाह्य ठरवलं होतं, पण १९८४ साली सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं.

वहिनींनी निवडलेली मेथी टोपलीत भरली आणि हळूच विचारलं, "कायद्याचं राहू दे. तुला स्वतःला जायचंय का?"

ती गप्पच झाली. मग म्हणाली, "आई म्हणते जा, दादा म्हणतो जाऊ नकोस, नोटीस म्हणते ये. मला हे कुणी विचारलंच नव्हतं, वहिनी."

"मग आज रात्री तूच स्वतःला विचार. उत्तर काय लिहायचं ते उद्या बघू."

मैत्रिणींनो, घरातल्या कुणावर असा प्रसंग आला, तर एवढं लक्षात ठेवा. नोटीस कोणत्या तारखेला हाती पडली ते लिहून पाकिटासकट जपून ठेवा. लग्नपत्रिका, फोटो, नोंदणीचा दाखला, दवाखान्याचे कागद एका पिशवीत घाला. दावा चालू असताना स्वतःची पुरेशी मिळकत नसेल, तर खटल्याचा खर्च आणि पोटगी मागता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत मदत मिळते, तिची मिळकत कितीही असो.

आणि शेजारपाजारच्यांनी 'कधी जाणार सासरी?' असं विचारण्याआधी वहिनींचा प्रश्न विचारावा. जायचंय का तुला?