जंतू मारायचा की त्याची सुई मोडायची?

टायफॉइडवर १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडले, तेव्हा हा आजार जिंकल्यातच जमा आहे असे वाटले होते. पुढे जंतूने ते औषध पचवले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन आले. दक्षिण आशियात त्याचाही प्रभाव ओसरला. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात पसरलेल्या टायफॉइडवर तर पाच प्रकारची प्रतिजैविके चालत नाहीत. गोळ्यांपैकी भरवशाचे असे अॅझिथ्रोमायसिन तेवढे उरले. हा प्रश्न एकट्या टायफॉइडचा नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

नवे औषध आणायचे आणि जंतूने ते निकामी करायचे, हा पाठशिवणीचा खेळ असाच चालू ठेवायचा का? यावरचा एक वेगळा विचार प्रयोगशाळांत दोन दशकांपासून सुरू आहे. जंतूला मारण्याऐवजी त्याचे हत्यार काढून घ्यावे, असा तो विचार आहे. त्याला आजवर मिळाले त्याहून अधिक पाठबळ मिळायला हवे.

टायफॉइडचा जंतू साल्मोनेला कुळातला. या कुळातील जिवाणूंच्या अंगावर इंजेक्शनच्या सुईसारखी दिसणारी यंत्रे असतात. १९९८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी साल्मोनेलाचे असे यंत्र सुटे करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सुईची लांबी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. या पोकळ सुईतून जिवाणू आपली प्रथिने थेट आतड्याच्या पेशीत सोडतो. पेशीचा कारभार त्यामुळे बिघडतो आणि जंतूला आत शिरकाव मिळतो.

हे यंत्र वीसहून अधिक प्रकारच्या प्रथिनांचे बनलेले असते आणि त्याची जुळणी ठरलेल्या क्रमाने होते. आधी आतल्या आवरणात तीन प्रथिनांचा गाभा तयार होतो. त्यात एका प्रथिनाच्या पाच प्रती, दुसऱ्याच्या चार आणि तिसऱ्याची एकच. त्याभोवती कडी बसतात. आतल्या आवरणातील दोन मुख्य प्रथिनांच्या प्रत्येकी २४ प्रती लागतात. बाहेरच्या आवरणातील कडे इन्व्ह-जी या प्रथिनाचे. ते नीट जागेवर पोहोचण्यासाठी इन्व्ह-एच नावाचा छोटा वाटाड्या लागतो. पाया पक्का झाल्यावरच सुई उभी राहते.

यातील अनेक प्रथिने एकेकटी टिकत नाहीत. सुईतून बाहेर पडून मानवी पेशीच्या आवरणाला भोक पाडणारी सिप-बी आणि सिप-सी ही दोन प्रथिने पाहा. जिवाणूच्या आत असताना ती वेळेआधी एकमेकांना चिकटली तर नष्ट होतात. सिक-ए हे तिसरे प्रथिन त्यांना वेगळे धरून सांभाळते. सिक-ए काढून टाकले की ही दोन्ही टिकत नाहीत. वनस्पतींवर गाठी आणणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियममध्येही, वेगळ्या बनावटीच्या यंत्रात, असाच प्रकार दिसतो. तिथे व्हिर-बी-७ हे छोटे प्रथिन व्हिर-बी-९ ला रासायनिक बंधाने जोडले जाते. हा आधार नसेल तर व्हिर-बी-९ टिकत नाही आणि यंत्राची उभारणी कोलमडते.

म्हणजे एवढ्या घातक यंत्राचे दुबळेपण त्याच्या सांध्यांत आहे. एक आधार निसटला तरी सगळी उभारणी अडते. असा सांधा सैल करणारे औषध मिळाले, तर जंतू जिवंत राहील, पण त्याला पेशीवर हल्ला करता येणार नाही. आतड्यातल्या उपकारक जिवाणूंकडे बहुधा हे यंत्र नसते, त्यामुळे ते वाचतील. आणि जगण्या-मरण्याचा थेट दबाव नसल्याने प्रतिकारही सावकाश वाढेल, अशी अपेक्षा आहे.

अपेक्षा आणि पुरावा यांत अंतर आहे, हेही मान्य केले पाहिजे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००३ मध्येच अशी यंत्रे बंद पाडणारी रसायने शोधली. त्यांतून अजून औषध झालेले नाही. स्यूडोमोनास जंतूच्या सुईच्या टोकावर नेम धरणारे प्रतिपिंड अतिदक्षता विभागातील रुग्णांवर तपासले गेले, पण न्यूमोनिया रोखण्यात त्याला ठोस यश आले नाही. शिवाय जंतू शरीरात पसरल्यावर सुई मोडून किती उपयोग, हा प्रश्न उरतोच. अशा औषधाला प्रतिजैविकाची जोड द्यावी लागेल आणि निदानही लवकर व्हावे लागेल. विडाल चाचणीसारख्या बेभरवशाच्या तपासणीवर विसंबून ते साधणार नाही.

पण या अपयशावरून वाटच चुकीची ठरत नाही. कोणते प्रथिन कोणाच्या आधाराने उभे आहे, हे ज्ञान अजून अपुरे आहे, एवढेच त्यातून दिसते. ते ज्ञान मूलभूत संशोधनातूनच येते. त्यात झटपट नफा नसल्याने खासगी कंपन्या पुढे येण्याची शक्यता कमी. हा खर्च सरकारी निधीतूनच व्हायला हवा. ‘सूक्ष्म प्रथिनांच्या अभ्यासाचा रुग्णाला काय फायदा?’ असे विचारून असे प्रकल्प बाजूला सारणे महागात पडेल.

तोवर हातात आहेत ती साधने जपायची आहेत. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांसाठी टायफॉइडच्या नव्या लशीची मोहीम राबवली. सार्वजनिक पातळीवरची ती जगातील पहिली मोहीम होती. लस, शुद्ध पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविक न घेण्याची शिस्त यांनी जो वेळ मिळेल, तो जंतूच्या यंत्राचे सांधे शोधण्यासाठी वापरायला हवा.