मनीचे दात आणि आपलं पहिलं अणुव्रत



आमच्या मागच्या अंगणात वाढलेली मनी आठ महिन्यांची असताना वाटीपाशी धावत यायची, एक घास घ्यायची आणि ओरडून पळायची. तोंडातून लाळ गळायची, वास यायचा. पंधरा दिवस मी ‘होईल बरं’ म्हणत राहिले. हळद-तूप लावायला गेले तर तोंडाला हात लावू देईना. कुणी तापाची गोळी सुचवली. दिली नाही हे नशीब! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पक्के दात येताना हिरड्या सुजतात, त्या बऱ्याचदा सफाईने आणि औषधाने बसतात. पण मनीची सूज घशाच्या तोंडापर्यंत गेली होती. यात शरीराची प्रतिकारशक्तीच दातांवरच्या किटणाविरुद्ध चवताळते, पुष्कळदा सोबत कॅलिसी विषाणूही सापडतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. टिकाऊ उपाय म्हणजे दाढा, कधी सगळेच दात, मुळासकट काढणे.

घरात लगेच सूर निघाला, “मुक्या जिवाचे दात उपटायचे? ही हिंसाच. तिचं कर्म तिला भोगू द्या.”

मला हे पटलं नाही. रोज प्रतिक्रमणात आपण पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठवतो. त्यात छविच्छेद आहे, म्हणजे अवयव कापणं. पण त्याच यादीत भत्तपाणविच्छेदही आहे, म्हणजे जिवाचं अन्नपाणी तोडणं. दुखऱ्या दातांमुळे उपाशी राहणाऱ्या जिवाकडे, उपाय माहीत असूनही, नुसतं बघत बसणं यापासून कितीसं दूर आहे? तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडली आहे. भूल देऊन, वेदना थांबवण्यासाठी चालवलेलं शस्त्र आणि रागाने किंवा लोभाने केलेला छेद एक कसा? आणि नातवाची दाढ सुजली तर आपण कर्म म्हणून गप्प बसतो का? त्याच दिवशी नगर गाठतो!

आचार्य आनंदऋषीजी म.सा. यांचं जन्मगाव चिचोंडी आपल्याच पाथर्डी तालुक्यातलं. त्यांच्या मातीत राहून आपली जीवदया पाखरांना दाणे टाकण्यापुरती उरू नये.

मनीच्या दाढा पुण्यात काढल्या. पूर्ण भूल लागते, मूळ आत राहू नये म्हणून एक्स-रेही लागतो. खर्च झाला, खोटं कशाला सांगू. प्रत्येक मांजर पूर्ण बरं होत नाही, काहींना पुढेही औषध लागतं. पण बहुतेकांना चांगला आराम पडतो. महिन्याभरात मनी मऊ अन्न वाटी चाटूनपुसून खाऊ लागली.

तुमच्या दारातलं मांजर लाळ गाळत असेल, खाता खाता ओरडत असेल, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. पिल्लांना वेळेवर लसही द्या.

त्या पंधरा दिवसांच्या दुर्लक्षाबद्दल मी मनीला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. संवत्सरीची वाट पाहिली नाही.