श्रीलंकेच्या विहारातला विष्णू आणि आमच्या बावीस प्रतिज्ञा

दीक्षाभूमी झाली, चैत्यभूमी झाली, बोधगया झाली की आता पुढचा बेत श्रीलंकेचा असतो. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या वडनेरसारख्या गावातूनही उपासक-उपासिका पैसा पैसा जमवून धम्मसहलीला निघतात. आम्हीही गेलो. बौद्ध देशात जायचे म्हणजे माहेरी जायचे, असाच भाव मनात होता. परत आल्यापासून मात्र विहारात वाद पेटला आहे. तो चार भिंतींआड राहू नये असे आम्हाला वाटते.

पहिला धक्का दांबुल्लाला बसला. पहिल्याच गुहेत तथागतांची महापरिनिर्वाणमुद्रेतील भव्य मूर्ती आणि तिथेच विष्णू! कँडीला दंतधातू विहाराच्या परिसरात विष्णू, नाथ, पत्तिनी आणि कतरगम यांची देवळे. पेराहेरा मिरवणुकीत त्या देवळांचाही मान. आमच्यासोबतच्या एका आजींच्या सासूने धम्मदीक्षेनंतर घरातले देव वणा नदीत सोडले होते. आजी म्हणाल्या, "आपन सोडले ते देव इथं येऊन बसले का जी?"

वाटाड्याने पहिल्याच दिवशी विचारले होते, "इंडिया? म्हणजे हिंदू?" बौद्ध म्हटल्यावर तो चकित झाला. अनागारिक धर्मपाल त्याला ठाऊक, बोधगया ठाऊक. नागपूरची १९५६ ची धम्मक्रांती त्याच्या कानावरही नव्हती. यात दोष एकट्या त्याचा कसा?

जातीचेही तेच. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या उपाली स्थविरांनी तेथे उपसंपदा पुन्हा सुरू केली. पण पुढे त्या सियाम निकायाचे दार गोविगम या वरचढ जातीपुरतेच उरले. इतर जातींच्या भिक्खूंना उपसंपदेसाठी ब्रह्मदेशातील अमरपुरा गाठावे लागले आणि त्यातून अमरपुरा निकाय उभा राहिला. बुद्धाच्या संघातही जात शिरली, हे ऐकून आमची मंडळी सुन्न झाली.

चूक आमच्याकडूनही झाली. बुद्धमूर्तीकडे पाठ करून आम्ही सगळे फोटोला उभे राहिलो आणि पहारेकरी धावत आला. तेथे हा अवमान समजतात. २०१२ मध्ये मूर्तीचे चुंबन घेत असल्याचे फोटो काढणाऱ्या तीन फ्रेंच पर्यटकांना न्यायालयाने स्थगित कारावास सुनावला होता. आम्ही बुद्धाला देव मानत नाही, मग अवमान कसला, असे आमच्यातले तरुण म्हणाले. आमच्या मते पहारेकऱ्याचेच बरोबर होते. ज्याच्या घरी जायचे त्याची रीत पाळायची. पण रीत पाळणे वेगळे आणि विष्णूपुढे हात जोडणे वेगळे.

आता गावात कुणी म्हणतो, ते खरे बौद्धच नाहीत. कुणी म्हणतो, त्यांना विष्णू चालतो तर आपणच का अडून बसायचे? यातले दुसरे बोलणे आम्हाला अधिक घातक वाटते. लंकेत विष्णू बुद्धशासनाचा राखणदार म्हणून उभा आहे. आपल्या देशात मात्र खुद्द बुद्धालाच विष्णूचा नववा अवतार ठरवून गिळण्याचा डाव शतकानुशतके चालला. पाचवी प्रतिज्ञा कशासाठी आहे, हे श्रीलंकेच्या उपासकाला कसे कळणार? त्याच्यावर ही वेळ आलीच नाही!

बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेतील जागतिक बौद्ध परिषदेला गेले, ते तेथील बौद्ध धम्म कितपत जिवंत आहे हे पारखायला. १९५४ मध्ये रंगूनला त्यांनी बौद्ध देशांच्या उत्सवी खर्चावर बोट ठेवले आणि तो पैसा धम्मप्रसाराला लावा, असे सुनावले. माहेर म्हणून ते भारावून गेले नाहीत, की तोंड फिरवूनही आले नाहीत.

वडनेरहून पुढची तुकडी निघायची आहे. बावीस प्रतिज्ञांचा सिंहली तर्जुमा करून देणारा माणूस आम्ही शोधत आहोत. वाचकांपैकी कुणाच्या ओळखीत असा कुणी असेल तर कळवावे.