पत्ते टाकून देण्याची विद्या

दिवाळीत आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, घरोघर मेंढीकोट आणि बदाम सात रंगते. पाराजवळ किंवा मळ्यातल्या खोलीवर मात्र तीनपत्ती. पोकर हा तिचाच विलायती भाऊबंद. मोबाइलच्या वाटेने तोही घरात आला. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण एवढ्याने प्रश्न सुटला काय?

मुंबई इलाख्यात 1887 पासून जुगारबंदी कायदा आहे. मळ्यातला डाव त्याने थांबला नाही. त्याच कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्य प्रधान मानले, तीनपत्ती निव्वळ नशिबाची ठरवली. कौशल्याच्या याच आडोशाला ऑनलाइन कंपन्या फोफावल्या. नव्या कायद्याने तो भेदच पुसला.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे मला मान्य आहे. पण ते कोणते? कोणता हात मोठा, हे तासाभरात पाठ होते. पुढचे गणित मात्र कोणी सांगत नाही. 52 पत्त्यांतून 5 पत्त्यांचे 25,98,960 हात होतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक हातांत साधी जोडीही नसते. तीनपत्तीच्या 22,100 हातांत तर शंभरातले 74 रिकामे! म्हणजे पहिला धडा चाल करण्याचा नव्हे, पत्ते टाकून देण्याचा.

दुसरा धडा याहून कडू. समजा, सारख्याच तयारीचे चौघे दर डावाला प्रत्येकी 10 रुपये लावतात आणि चालवणारा शेकडा 5 कापतो. दर डावाला 2 रुपये बाहेर. 200 डावांत 400. कोणीही जिंको, चौघांचे मिळून शंभर-शंभर रुपये गेलेच.

आपल्याकडे उसाचे बिल किंवा कांद्याची पट्टी एकरकमी हातात येते आणि त्यावर घराचे वर्ष काढायचे असते. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा हरला, तर पुढची पहिली तारीख तरी असते. शेतकऱ्याला पुढचा हंगाम, तोही पावसाच्या भरवशावर!

म्हणून मला वाटते, मुलांपासून पत्ते लपवू नयेत. काडेपेटीच्या काड्या लावून त्यांना हे गणित घरातच शिकवावे. कायदा दुकान बंद करील. हाव आवरायची ती घरानेच.