दत्ताची कुत्री आणि भाड्याची खोली

आज दत्तजयंती. माहूरच्या गडावर पहाटेपासून रांग लागली असेल, नांदेडहून निघालेल्या एसटी गाड्या उभ्याने भरून गेल्या असतील. संध्याकाळी जन्माच्या वेळी आपल्या गल्लीतल्या लहानशा देवळातही पाळणा हलेल आणि हातावर सुंठवडा पडेल. त्या गर्दीत क्षणभर थांबून तसबिरीच्या खालच्या बाजूला पाहावं. पाठीशी गाय उभी आहे, पायाशी चार कुत्री आहेत. जाणती माणसं सांगतात की गाय म्हणजे पृथ्वी आणि कुत्री म्हणजे चार वेद. अर्थ मोठा आहे. पण आजीच्या कडेवरचं लेकरू तसबिरीकडे बोट दाखवून 'भू भू' म्हणतं, तेही खोटं नाही.

ही तसबीर ज्यांच्या देवघरात आहे, अशा कितीतरी घरांच्या वरच्या मजल्यावर एखादी खोली भाड्याने द्यायची असते. बघायला आलेल्या कुटुंबाला खोली पसंत पडते, भाडं ठरतं, डिपॉझिटचंही जमतं. मग निघता निघता, जिन्यात, तो माणूस चाचरत सांगतो, "आमच्याकडं एक कुत्रं आहे." तिथेच सगळं थांबतं. "कुत्रं? मग नाही जमायचं बघा." पुढे एकही प्रश्न नाही. केवढं आहे, किती वर्षांचं आहे, चावतं का, लस दिली का, काही नाही. या न विचारता दिलेल्या नकाराबद्दल आज लिहायचं आहे.

लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची शहरं. 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं तेव्हापासून दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातलीच नव्हे, बाहेरच्या जिल्ह्यांतली कुटुंबंही इकडे खोली शोधायला येतात. लातुरात ट्यूशन एरियाच्या आसपास, औसा रोडला, अंबाजोगाई रोडला. नांदेडात श्यामनगर-भाग्यनगरच्या गल्ल्यांत. बाप नोकरीपायी किंवा शेतीपायी मागे राहतो, आई लेकरासोबत दोन वर्षं स्वयंपाकाला येऊन राहते. याशिवाय बदलीची माणसं असतात: बँकेतले, शाळेतले, पोलिसातले, दवाखान्यातल्या नर्सबाई. या सगळ्यांच्या सामानात गॅस, कपाट, फ्रिज असतो, आणि काहींच्या सोबत सहा-सात वर्षांपूर्वी पिल्लू म्हणून आणलेलं एक जनावरही असतं. लेकरू चौथीत होतं तेव्हा ते घरात आलं. दोघं एकत्रच मोठी झालेली असतात.

खोली नाकारली गेली की मोजके मार्ग उरतात. कुत्रं आजोबांकडे गावाला ठेवायचं. कुणाला तरी देऊन टाकायचं. खोटं बोलून लपवायचं. आणि शेवटचा, ज्याबद्दल घरात कुणी पुन्हा बोलत नाही: गाडीत घालून एखाद्या ढाब्याजवळ सोडून यायचं, 'तिथं खायला मिळतंय' असं एकमेकांना सांगत. जून महिन्यात महामार्गावर गळ्यात पट्टा असलेलं कुत्रं येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वळवताना दिसतं. ज्याने एकदा पाहिलं त्याच्या डोळ्यांपुढून ते जात नाही.

खोली शोधताना पहिला प्रश्न कुत्र्याचा नसतो, याची जाणीव आहे. पहिला असतो गावाचा, लगेच दुसरा आडनावाचा, मग 'नॉनव्हेज खाता का' हा. आडनाव ऐकून बंद होणारं दार ही या समाजाची खूप जुनी, खूप खोल जखम आहे. कुत्र्यासाठी मिळालेला नकार त्या रांगेत बसवता येणार नाही, बसवूही नये. फक्त एवढं खरं, की ज्याला आडनावापायी दहा दारं फिरावी लागली, त्याच्या सोबत कुत्रं असेल तर वीस फिरावी लागतात.

घरमालक दुष्ट असतात असं आम्हाला अजिबात म्हणायचं नाही. त्यांची कारणं खरी आहेत आणि ती नीट ऐकली पाहिजेत. पहिलं कारण पाण्याचं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते ज्या लातूरकरांनी पाहिलं ते जिना धुवायला लागणारी बादलीसुद्धा मोजतात. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे 'जनावर म्हणजे धुणं-पुसणं वाढणार' ही भीती कंजूषपणाची नाही. दुसरं कारण लेकरांचं. खाली मालकाची नातवंडं खेळतात आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. या भीतीला नावं ठेवण्याचा कुणालाही अधिकार नाही. तिसरं, आधीच्या भाडेकरूचा अनुभव: दारावर ओरखडे, गच्चीवर घाण, दिवसभर एकटं ठेवलेलं कुत्रं भुंकतंय आणि मालक ड्यूटीवर. चौथं कारण सहसा कुणी उघड सांगत नाही, ते सोवळ्याचं. देवघर आणि चूल एका भिंतीआड असताना जनावर आत फिरलेलं अनेक आज्यांना सहन होत नाही.

या चौथ्या कारणापाशी जरा थांबावं लागेल, कारण त्याच्या मुळाशी द्वेष नाही. आपल्या जुन्या घरांत जनावर नव्हतंच असं कोण म्हणेल? देवणी आणि लाल कंधारी ही नावंच मुळी लातूर-नांदेड जिल्ह्यांतल्या गावांनी जनावरांना दिली. माळवदाच्या घरात गुरं एका छपराखाली असायची आणि कुत्रं ढाळजेत. ढाळज म्हणजे धड घर नव्हे नि धड रस्ता नव्हे. दारातून आत आलं की पाव्हणा तिथे टेकायचा, म्हातारा तिथे अंग टाकायचा, पावसात कुत्रं तिथेच अंगाचं मुटकुळं करून निजायचं. माजघराचा उंबरा ते ओलांडत नसे आणि ढाळजेतून कुणी त्याला हाकलत नसे. भाकरीचा शेवटचा तुकडा त्याचा ठरलेला. हे सगळं कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. घराच्या बांधणीतच ते होतं.

१९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगड-मातीच्या त्याच जाड भिंती माणसांच्या अंगावर आल्या. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. माळवदाची धास्ती सगळ्या मुलखाने घेतली आणि जो तो सिमेंटकडे वळला. ते बरोबरच झालं. जीव वाचवणारं घर हेच चांगलं घर. पण शहरातल्या सिमेंटच्या घराला ढाळज राहिली नाही. दार उघडलं की थेट हॉल, बाहेर पडलं की थेट जिना. आत आणि बाहेर, दोनच जागा. मधली गेली, आणि त्या मधल्या जागेत राहणाऱ्याला कुठे ठेवायचं याची आपली रीतही गेली. आमचं म्हणणं एवढंच आहे की ढाळज जे काम मुकाट्याने करायची, ते आता बोलून आणि लिहून करावं लागेल.

लिहिण्याची जागा तयार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणीही करावी लागते. आपल्याकडे तो बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्यात विजेचं बिल कुणी भरायचं, खिळे ठोकायचे की नाही, हे असतं. जनावराबद्दल असलंच तर 'पाळता येणार नाही' एवढं एकच वाक्य असतं. त्या वाक्याच्या जागी चार सरळ वाक्यं का नसावीत? कोणतं जनावर आणि किती, लसीचं कार्ड दाखवलं का, दारं-भिंती खराब झाल्या तर डिपॉझिटमधून किती कापायचे, जिना आणि गच्ची कुणी व कधी साफ करायची. खोली घेतानाच भिंतींचे फोटो काढून दोघांनी ठेवले तर सोडताना भांडण उरत नाही.

कायदा काय सांगतो, याबद्दल दोन्हीकडे गैरसमज आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी परिपत्रक काढून सांगितलं की सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. ते सोसायट्यांबद्दल आहे. स्वतःच्या घराच्या वरची खोली कुत्रं असलेल्याला द्यायची की नाही हे ठरवायला घरमालक आपल्याकडे मोकळा आहे. त्याच्यापुढे ते परिपत्रक नाचवण्यात अर्थ नाही. पण जनावर टाकून देणाऱ्यानेही ऐकून ठेवावं. उपाशी-तहानेलं राहील अशा ठिकाणी सबळ कारणाशिवाय जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ तो तेवढाच आहे. सात वर्षांच्या सोबतीची किंमत कायद्याने चहा-पोह्यांच्या बिलाएवढी ठेवली, ही गोष्ट मनाला लागते.

फ्रान्समध्ये १९७० सालापासून, काही धोकादायक मानलेल्या जातींची कुत्री सोडली, तर राहत्या घराच्या करारात पाळीव प्राण्याला मनाई करणारं कलम टिकत नाही. इंग्लंडने २०२५मध्ये भाडेकरूंच्या हक्कांचा कायदा केला. त्यात भाडेकरूने लेखी विनंती केली तर साधारणपणे २८ दिवसांत घरमालकाने उत्तर द्यायचं आणि नकार द्यायचा तर वाजवी कारण दाखवायचं, असं ठरवलं आहे. तसा कायदा उद्या लातुरात यावा, असं आमचं मागणं नाही. पण त्यातली एक गोष्ट कायद्यावाचूनही घेता येते: नाही म्हणायचं असेल तर का ते सांगायचं. कारण सांगायला लागलं की माणूस त्या जनावराबद्दल विचारायला लागतो, आणि विचारलं की पुष्कळदा कळतं की ज्याची भीती वाटत होती ते एक म्हातारं, दिवसातले सोळा तास झोपणारं कुत्रं आहे.

रेबीजच्या भीतीचंही तसंच. घरात राहणाऱ्या, पिल्लूपणी लस घेतलेल्या आणि दरवर्षी ती पुन्हा घेणाऱ्या कुत्र्यापासून नातवंडांना धोका सर्वांत कमी. धोका वाढतो तो पट्टा काढून रस्त्यावर सोडलेल्या, लस चुकलेल्या, भुकेने बावचळलेल्या कुत्र्यापासून. एखाद्या गल्लीने दहा खोल्या नाकारल्या की त्यातलं एखादं कुत्रं काही महिन्यांत त्याच गल्लीच्या कोपऱ्यावर येऊन बसतं. मग महापालिकेला फोन जातात.

भाडेकरूंनाही सांगायचं आहे, आणि कडक शब्दांत. लपवू नका. लपवलेलं कुत्रं तिसऱ्या दिवशी भुंकतं आणि तुमच्यामागून येणाऱ्या पुढच्या दहा जणांचं दार बंद करून जातं. लसीचं कार्ड सोबत न्या, जुन्या घरमालकाचा नंबर न मागता द्या, फिरायला नेताना हातात पिशवी ठेवा. दिवसभर घर बंद असणार असेल तर त्याचा बंदोबस्त आधी करा. आणि 'गच्चीवर बांधा, मग चालेल' असं कुणी म्हटलं तर हो म्हणू नका. एप्रिल-मेमध्ये नांदेडचा पारा चाळिशीपार जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. तापलेल्या स्लॅबवर पत्र्याच्या सावलीत बांधलेलं कुत्रं दुपारभरात मरू शकतं. खोली सोडलेली बरी, पण ती अट नको.

लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूर आणि नांदेड-वाघाळा या दोन्ही महापालिकांनी तिथल्या पशुवैद्यांच्या मदतीने पाळीव जनावरांची नोंद आणि लस एका कार्डावर आणली, तर घरमालकाला दाखवायला एक विश्वासाचा कागद होईल. खर्च फार नाही. जूनच्या आत करता येण्यासारखं हे काम आहे.

अजून दोनेक आठवड्यांनी माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरेल. खंडोबाच्या सोबत कुत्रं आहे आणि त्याचे वाघ्ये स्वतःला त्या देवाचं कुत्रं म्हणवून घेतात, कोटंब्यातलं अन्न भक्तीने खातात. यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. चाकूर तालुक्यातल्या जानवळसारख्या गावांनी जपलेली कारवानी आणि पश्मी जातीची उंच, निमुळत्या तोंडाची कुत्री लोक थांबून थांबून बघतील, पाठीवरून हात फिरवतील, मोबाईलमध्ये फोटो घेतील. त्या बघणाऱ्यांत लातूर-नांदेडचे घरमालकही असतील. यात्रेहून परतल्यावर त्यांच्यातल्या कुणाला खोलीसाठी फोन येईल आणि पलीकडचा माणूस चाचरत म्हणेल की एक कुत्रं आहे. त्यांनी लगेच हो म्हणावं असा आग्रह नाही. "रविवारी घेऊन या त्याला, बघू," एवढं तरी म्हणावं.